फॅन म्हणजे नवरा: थाई भाषेत मुरलेल्या इंग्रजीची पार्श्वभूमी

बँकॉकमधली एखादी बाई इंग्रजीत 'माय फॅन' म्हणाली, तर ती छताच्या पंख्याबद्दल बोलत नसते आणि आपल्या चाहत्याबद्दलही नाही. ती नवऱ्याबद्दल बोलत असते, लग्न झालेलं नसेल तर मित्राबद्दल. 'चाहता' हा अर्थ थाईत शिल्लक आहे, फुटबॉल संघाला 'फॅन' असतातच. पण घरात, ऑफिसात 'फॅन' म्हणजे जोडीदार. 'सीरियस'चंही असंच झालं. 'सीरियस होऊ नकोस' याचा थाई अर्थ 'गंभीर होऊ नकोस'पेक्षा 'डोक्याला ताप करून घेऊ नकोस' याच्या जास्त जवळ जातो. 'फिट' कपडे म्हणजे अंगाला घट्ट बसणारे. आणि 'ओव्हर'चा पुढचा भाग उडून उरलेला 'वर' म्हणजे अतिशयोक्ती करणारा, नाटकी.

रोजच्या इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि वापर समजावणाऱ्या पुस्तकांना आणि व्हिडिओंना थायलंडमध्ये एवढी मागणी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. शिकणाऱ्याला शब्द माहीत नसतो असं नाही. तो त्याच्या भाषेत आधीच येऊन बसलेला असतो, वेगळ्या अर्थाने आणि वेगळ्या उच्चाराने. उरलेलं निम्मं उत्तर इतिहासात आहे. हा देश कधीच इंग्रजांच्या ताब्यात गेला नाही.

तिथे पोहोचलेली पहिली युरोपीय भाषा इंग्रजी नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अयुथ्येला, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या राजधानीला आले आणि मागे ठेवून गेलेल्या शब्दांपैकी दोन आपल्याला ओळखीचे वाटतील: साबणाला 'साबू' आणि पावाला 'खानोम-पांग', ज्यातला 'पांग' म्हणजे आपला पावच. गोऱ्या माणसाला 'फारांग' म्हणतात. तो आपल्या 'फिरंगी'चा सख्खा भाऊ.

इंग्रज आले ते आधी हिंदुस्थानातून. 1822 मध्ये कलकत्त्याहून जॉन क्रॉफर्ड वकिलात घेऊन बँकॉकला पोहोचला. थाई कागदपत्रांत त्याचं नाव 'काराफात' असं आहे. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्याच हेन्री बर्नीने 1826 मध्ये करार केला, तोही मलय आणि पोर्तुगीज मसुद्यांचा आधार घेत. दोन्ही बाजूंना नीट समजेल अशी भाषाच मध्ये नव्हती.

ती उणीव भरून काढली एका भिक्षूने. राजपुत्र मोंगकुट 1824 ते 1851 अशी सत्तावीस वर्षं विहारात होता. तिथे त्याने कॅथलिक बिशप पालेग्वा यांच्याकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनरी जेसी कॅसवेल यांच्याकडून इंग्रजी घेतलं. 1851 मध्ये तो राजा झाला आणि 1855 मध्ये हाँगकाँगचा गव्हर्नर जॉन बाउरिंग व्यापाराचा करार करायला आला, तेव्हा पलीकडे इंग्रजी वाचणारा, लिहिणारा, इंग्रजीत पत्रं धाडणारा राजा होता. करार सयामला, म्हणजे तेव्हाच्या थायलंडला, महागातच पडला. आयात मालावरची जकात तीन टक्क्यांवर बांधली गेली आणि ब्रिटिश प्रजेवर खटला चालवायचा अधिकार ब्रिटिश कॉन्सलकडे गेला. पण इंग्रजी येणं ही राज्य वाचवायची गोष्ट आहे, हे दरबाराने तेव्हाच ओळखलं होतं.

मग राजाला आपल्या मुलाबाळांसाठी शिक्षिका हवी झाली. आधी मिशनऱ्यांच्या बायका अंतःपुरात शिकवायला येत, पण धड्यांच्या आडून बायबल यायला लागलं म्हणून ते बंद झालं. 1862 मध्ये अ‍ॅना लिओनोवेन्स नेमली गेली, धर्मप्रसार करायचा नाही या अटीवर. ती 1867 पर्यंत राहिली. स्वतःचा जन्म वेल्समधला असल्याचं ती आयुष्यभर सांगत आली. खरं तर तिचा जन्म 1831 सालचा, आपल्या अहमदनगरचा. आईकडून ती अँग्लो-इंडियन होती आणि तिचं लग्नही पुण्यातच लागलं. हे उजेडात आलं 1970 च्या दशकात, आणि आणलं ते ब्रिस्टो नावाच्या, जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या अभ्यासासाठी ओळखल्या जाणाऱ्या संशोधकाने! तिने लिहिलेल्या आठवणी थाई लोकांना आजही खुपतात आणि त्यावरून निघालेल्या हॉलिवूडपटांवर तिथे बंदी आली. सयाममध्ये आधुनिकता एकट्या अ‍ॅनाने आणली हा समज फोलच आहे. पण राजवाड्यातल्या मुलांना इंग्रजीची मुळाक्षरं गिरवायला लावणाऱ्यांत नगरची एक मुलगी होती, एवढं खरं.

इथे आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा झाला. मुंबई-पुण्यात इंग्रजी आली की कचेरीत नोकरी लागायची, म्हणून कारकुनापासून वकिलापर्यंत सगळे तिच्या मागे लागले. सयाममध्ये कचेरी थाईतच चालायची. इंग्रजी राहिली राजघराण्याची, परराष्ट्र खात्याची, विलायतेला जाऊन आलेल्यांची. सहावा राम म्हणवणारा राजा वजिरावुध ऑक्सफर्डला शिकला आणि त्याने शेक्सपिअरची नाटकं थाईत आणली. पण त्याच्या प्रजेतल्या बहुतेकांनी इंग्रजी कधी कानांनी ऐकलीही नव्हती. भाषा अशी वरून खाली झिरपते तेव्हा शब्द सुटे सुटे येतात. वाक्यं येत नाहीत.

सुट्या शब्दांचं काय करायचं, यावर थाई विद्वानांनी काढलेला तोडगा मराठी वाचकाला घरचाच वाटेल. त्यांनी संस्कृत आणि पालीकडे धाव घेतली. टेलिफोन झाला 'थोरासप', म्हणजे दूर आणि शब्द. तार झाली 'थोरालेक', दूर आणि लेख. टीव्ही 'थोराथात', त्यात दर्शन लपलेलं आहे. सायकल 'चाक्क्रायान', बँक 'थानाखान', म्हणजे धनागार. या टांकसाळीतला सगळ्यात मोठा कारागीर राजपुत्र वान वैथयाकोन. 1932 मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता गेली, नव्या राजकारणाला नवे शब्द लागले, आणि क्रांतीला 'पातिवात', संस्कृतीला 'वात्थानाथाम' (यातला 'थाम' म्हणजे धर्म) असे शब्द त्याने पाडले. हाच वान पुढे 1956 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अध्यक्ष झाला. आपल्याकडच्या भाषाशुद्धीवाल्यांनी त्याला मानाचं पान दिलं असतं.

पण सगळी नाणी चालली नाहीत. संगणकासाठी 'खानितकोन', म्हणजे गणित करणारा, असा सुरेख शब्द निघाला आणि लोक 'खोमफिउतर'च म्हणत राहिले. पुढे तर सॉफ्टवेअरसाठी 'मऊ भांडी' आणि हार्डवेअरसाठी 'कडक भांडी' असे शब्द थायलंडच्या शाही भाषा संस्थेने काढल्याच्या कंड्या पिकल्या. संस्थेला ते आमचे नव्हेत म्हणून सांगावं लागलं. टिकलेल्या शब्दांत मला सगळ्यात आवडतो तो 'थोरासप'चा तुकडा. बोलताना लोक त्याचं नुसतं 'थो' करतात, आणि 'थो' म्हणजे फोन करणे. आपला 'दूर' तिथे क्रियापद होऊन बसला आहे.

या घडामोडींत सर्वसामान्य थाई माणसाला इंग्रजी शिकवणारं पुस्तक कुठून आलं? तुरुंगातून. त्याआधी कोश होतेच. बिशप पालेग्वांचा 1854 चा कोश थाईवरून लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजीत जाणारा. मिशनरी डॉक्टर ब्रॅडली यांचा 1873 चा कोश थाईतून थाईत. पण हे कोश करणारे परके होते. थाई मुलाला इंग्रजी शब्द कुठे अडतो, हे त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

सो सेठपुत्र, थाई उच्चार 'सेथाबुत', सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकून आलेला तरुण होता आणि राजाच्या सचिवालयात काम करायचा. 1933 मध्ये नव्या राजवटीविरुद्धचं राजपुत्र बोवोरादेतचं बंड फसलं आणि धरपकडीत सो पकडला गेला. बँग क्वांगच्या तुरुंगात त्याने इंग्रजी-थाई कोश लिहायला घेतला. राजकीय कैद्याला लिहायची मोकळीक कुठली; मजकूर चोरून बाहेर जायचा आणि पहिला भाग तो आत असतानाच छापून विक्रीला आला. पुढे या कैद्यांना अंदमान समुद्रातल्या तारुताओ बेटावर आणि नंतर को ताओवर हलवलं. आज तिथे पर्यटक पाण्यात डुबक्या मारायला जातात. तेव्हा हिवतापाने माणसं मरत होती. सो सुटला 1944 मध्ये.

कोश गाजला तो मात्र या कहाणीमुळे नव्हे. सो याने शब्दापुढे नुसता अर्थ ठेवला नाही, तो वाक्यात कसा बसतो ते दाखवलं. एकाच थाई शब्दाला जिथे इंग्रजीत तीन-चार शब्द पडतात, तिथे थांबून त्यांतला फरक उलगडला, उदाहरणं दिली. 'से', 'स्पीक', 'टेल' आणि 'टॉक' यांत थाई विद्यार्थी का घोटाळतो, हे ज्याला स्वतः घोटाळावं लागलं होतं त्यालाच ठाऊक. पिढ्यानपिढ्या विद्यार्थी या कोशावर वाढले, त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. आज 'या शब्दाचा अर्थ हा, पण वापर असा' या थाटाचं जे काही थाईत लिहिलं जातं, त्याचा साचा बराचसा त्याचाच आहे.

आता अडचणींचंच थोडं जवळून पाहू. थाई शब्दाच्या शेवटी मोजकेच ध्वनी येऊ शकतात: प, त, क, न, म, ङ आणि य-व सारखे अर्धस्वर. शेवटचा 'ल' म्हणून 'न' होतो आणि 'स'चा 'त'. बिल मागायचं तर 'चेक बिन'. फुटबॉल 'फुतबोन'. सीरियस 'सीरियात'. नुसत्या उच्चाराचा प्रश्न असता तर एवढं बिघडत नव्हतं. पण इंग्रजी आपलं निम्मं व्याकरण शब्दाच्या शेपटीलाच बांधते: अनेकवचनाचा 'स', भूतकाळाचा 'ड'. थाईत क्रियापदं काळाप्रमाणे बदलत नाहीत आणि नामांना अनेकवचन नाही. म्हणजे जिभेवर जे टिकत नाही, नेमकं तेच मनालाही अनावश्यक वाटतं. 'आय अ‍ॅम बोअरिंग' म्हणणाऱ्या थाई मुलाला 'मी कंटाळलोय' असंच सांगायचं असतं. त्याच्या भाषेत हा भेद आहे, अगदी पक्का: 'बुआ' म्हणजे कंटाळणे, 'ना-बुआ' म्हणजे कंटाळवाणं. आपल्या 'वाचनीय'मधल्या 'नीय'चं काम तिथे 'ना' करतो, फक्त पुढे बसून. इंग्रजीने तो भेद शेपटीत ठेवला आणि शेपटी गळाली.

दिवा लावणं आणि दार उघडणं यांना थाईत क्रियापद एकच, 'पर्त'. म्हणून 'ओपन द लाइट'. उसनं घेणं आणि देणं दोन्ही 'युम'भोवती फिरतं, म्हणून 'बॉरो' आणि 'लेंड'ची अदलाबदल. नकारार्थी प्रश्नाला 'येस' म्हटलं तर त्याचा अर्थ 'बरोबर, नाही'. 'सुट्टे नाहीत का?' 'हो, नाहीत' असं आपणही म्हणतोच, तेव्हा इथे थाई माणसाला हसायचा अधिकार मराठी माणसाला नाही.

व्हिएतनाम युद्धात उदोन, कोरात, उ-तापाओ इथे अमेरिकन तळ पडले आणि मग पर्यटक आले. तेव्हा इंग्रजी दरबारातून उठून बाजारात आली. सरकार मागून आलं. 1996 मध्ये पहिलीपासून इंग्रजी सक्तीची झाली. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेचं 34 वं कलम सांगतं की संघटनेची कामकाजाची भाषा इंग्रजी, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलायलाही ती लागतेच. तरी 2010 मध्ये इंग्रजीला दुसऱ्या भाषेचा दर्जा द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा शिक्षण मंत्रालयाने तो बाजूला सारला. देश कधीकाळी कुणाची वसाहत होता असा गैरसमज होईल, ही भीती त्यामागे होती. दीडशे वर्षांपूर्वी राज्य टिकवायला जी भाषा शिकली, तिलाच दर्जा देताना राज्य गमावल्याचा भास होतो, हा त्या अभिमानातला पेच.

दोन वर्षांनी, 2012 मध्ये, पुन्हा गोंधळ झाला. थाईत स्वर चढवण्या-उतरवण्याच्या पाच तऱ्हा आहेत आणि त्याप्रमाणे शब्दाचा अर्थ बदलतो. इंग्रजीतून आलेले शब्दही लोक ठराविक चढउताराने बोलतात. लिहिताना मात्र त्यांवर तशा खुणा नसतात. शाही भाषा संस्थेत सूचना आली की अशा 176 शब्दांवर खुणा द्याव्यात, म्हणजे लेखन उच्चाराबरहुकूम होईल. लोकांनी, शिक्षकांनी कडाडून विरोध केला: पाठ्यपुस्तकं, पाट्या, कोश सगळं बदलायचं? सूचना बारगळली. 'खोमफिउतर'वर खूण नाही ती नाहीच. वाचणारा ती मनातल्या मनात देऊन वाचतो.