छडी गेली, वर्ग तोच: प्राथमिक शाळेतील शिस्तीची पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो: हात उगारायचा नाही, रागवायचे नाही, मग चाळीस मुलांचा वर्ग आवरायचा कसा? हा प्रश्न बहाणा म्हणून झटकून टाकण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्यामागे दोन जुन्या गोष्टी आहेत. एक, मुलाला मारण्याचा शिक्षकाचा अधिकार त्याला पालकांकडून मिळालेला होता. आणि दोन, वर्गाची मांडणीच अशी होती की त्या अधिकाराची गरज रोज भासावी. कायद्याने पहिल्या गोष्टीला हात घातला, दुसरी बरीचशी जागच्या जागी राहिली.

इंग्रजी अमलापूर्वीची पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत, एखाद्याच्या पडवीत किंवा वाड्याच्या सोप्यात भरत असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वळण, पाढे, पावकी, निमकी, दिडकी असा तिचा अभ्यास होता आणि तो सारा घोकून, एका सुरात म्हणून पक्का करायचा असे. लहानथोर मुले एकत्र बसत. पंतोजींची उपजीविका पालकांनी दिलेल्या किरकोळ पैशांवर, धान्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या शिध्यावर चाले. त्यामुळे ‘मारा, पण चार अक्षरे शिकवा’ असे बापाने सांगितले की पंतोजींना वेगळी परवानगी लागत नसे. शाळा चुकवणाऱ्या मुलाला आणायला थोराड मुले पाठवली जात आणि ती त्याला हातापायांना धरून, उचलबांगडी करून, गावातून मिरवत आणून पंतोजींसमोर टाकत. पुढे अंगठे धरणे, ओणवे राहणे, कान पिळणे आणि छडी हा क्रम ठरलेला होता. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ ही म्हण अशा व्यवस्थेत रुजली, ज्यात शिकवण्याचे दुसरे साधन जवळपास नव्हतेच.

याच शाळांतली एक पद्धत मात्र साता समुद्रापार गेली. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे, ही देशी शाळांतली रीत अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात वापरली आणि इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. जोसेफ लँकेस्टर याने तिचेच दुसरे रूप घडवले, आणि मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबईत स्थापन झालेल्या एतद्देशीयांच्या शिक्षणसंस्थेने मराठी शाळांसाठी ही लँकेस्टरची पद्धत उचलली. लँकेस्टर मारहाणीच्या विरोधात होता, हे त्याच्या बाजूने नोंदवावे लागते. पण छडीऐवजी त्याने जे आणले ते काही कमी नव्हते. खोडकर मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे आणि वर्गाला हसू देणे, असे त्याचे उपाय होते. अंगाला हात न लावता मूल वठणीवर आणता येते, हा शोध तेव्हाचा आहे, आणि ‘मानसिक छळ’ हे शब्द कायद्यात यायला त्यानंतर जवळपास दोनशे वर्षे जावी लागली. आपल्याकडे या पद्धतीचा वारसदार म्हणजे मॉनिटर. मास्तर बाहेर गेले की फळ्याच्या कोपऱ्यात ‘बडबड करणाऱ्यांची नावे’ लिहिणारा आणि दोस्ताचे नाव गुपचूप पुसणारा मॉनिटर ज्याने पाहिला नाही, असा मराठी शाळेतला माणूस विरळा.

पालकांकडून आलेल्या अधिकाराला लेखी आधार मिळाला तो १८६० मध्ये. भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ प्रमाणे बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने केलेले कृत्य अपराध ठरत नव्हते. या कलमात शाळेचा उल्लेख नाही; परंतु मुलाला शाळेत घातले म्हणजे शिस्तीसाठी माफक शिक्षा करण्याची संमती दिली, असा अर्थ लावून न्यायालयांनी शिक्षकांना त्याचा आडोसा दिला. बाराची मर्यादा प्राथमिक शाळेच्या वयाशी बरोबर जुळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस हॉप्ली या शाळाचालकाच्या मारहाणीत एक विद्यार्थी मरण पावला; हॉप्ली दोषी ठरला, पण माफक आणि वाजवी मारण्याचा अधिकार पालकाला व त्याच्या वतीने शिक्षकाला आहे, हे तत्त्व त्या निकालाने उलट पक्केच केले. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून हा अधिकार जायला १९८७ साल उजाडले.

इकडे मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले आणि शिक्षकाला पालकांखेरीज दुसरा धनी मिळाला. खासगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर मोजण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होती. शाळा तपासायला दिपोटी (डेप्युटी इन्स्पेक्टर) येणार म्हटले की गाव सारवले जाई, मुलांना धुतलेले कपडे घालून बसवले जाई आणि दिपोटीसाहेबांनी विचारलेला पाढा चुकवणाऱ्याची गत साहेबांची पाठ वळल्यावर काय होई, हे सांगायला नको. निकालाचे माप विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडले, पण शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग हे तपासणीचे ठोकताळे टिकले. शिस्तीची व्याख्या मुलांच्या शिकण्याऐवजी पाहुण्याच्या नजरेवरून ठरू लागली, ती या काळात, असे माझे मत आहे.

ही शिस्त सर्वांना सारखी नव्हती. साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरून न्यावे-आणावे लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. येथे कोणाच्या हातात छडी नाही, कोणी अपशब्दही वापरलेला नाही. वर्गाची बैठकव्यवस्था हीच शिक्षा होती आणि त्या मुलाचा अपराध काहीच नव्हता. शाळेतील वर्तनाचा इतिहास केवळ छड्यांच्या हिशेबाने लिहिला तर ही बाजू पूर्ण सुटते.

सक्तीच्या शिक्षणामुळे प्रश्नाला नवे वळण लागले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाच्या गैरहजेरीसाठी दंड पालकाला ठेवला गेला. मूल शाळेत येत नाही हा मुलाचा द्वाडपणा नसून घराचा व राज्याचा प्रश्न आहे, हे त्यात गृहीत होते. या विचाराला खरी दिशा दिली ती ताराबाई मोडक यांनी. भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात भय आणि बक्षीस दोन्हींना फाटा देऊन काम चालत होते. तेथे अनुभव घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह, वारली मुलांसाठी काम उभे केले. ही मुले शाळेत टिकत नव्हती, कारण दिवसभर त्यांना गुरांमागे जावे लागे. पंतोजींनी थोराड पोरे पाठवून त्यांना उचलून आणले असते. ताराबाईंनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असताना झाडाखाली शिकवणारी ही कुरणशाळा म्हणजे मुलाच्या वागण्यामागचे कारण शोधून व्यवस्था बदलण्याचा, माझ्या माहितीतील मराठी मुलखातला सर्वांत स्वच्छ दाखला आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय याच वाटेवरचे. अशा शाळांचे कौतुक पुष्कळ झाले, अनुकरण कमी.

सरकारी पातळीवर १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून ठामपणे वगळली जाईल असे म्हटले. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला १९९२ मध्ये मान्यता दिली. तरीही दिल्लीच्या शाळांच्या नियमांत शारीरिक शिक्षेची तरतूद शाबूत होती, ती दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये रद्द केली. गोव्याने २००३ च्या बाल अधिनियमात सर्व शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या बरीच वर्षे आधी. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. कलम १७ च्या मागे हा आकडा उभा होता.

त्या कलमाचा अर्थ राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उलगडला. बाकावर उभे करणे, गुडघे टेकायला लावणे, डोक्यावर दप्तर ठेवून उभे करणे, कोंबडा करणे हे सारे शारीरिक शिक्षेत गणले गेले. टोमणे मारणे, नावे ठेवणे, घरच्या परिस्थितीवरून वा जातीवरून हिणवणे हे मानसिक छळात आणि भेदभावात आले. एकाच्या खोडीसाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा हा आपल्याकडचा आवडता प्रकार. गंमत अशी की शेंगांची टरफले उचलायला नकार देणाऱ्या बाळ टिळकांची गोष्ट आपण १ ऑगस्टला मुलांकडून भाषणात पाठ म्हणवून घेतो. ती नेमकी याच प्रकाराविरुद्धची गोष्ट आहे, आणि भाषणाच्या तालमीत गोंगाट झाला की सबंध वर्ग उभा केला जातो.

कायद्याने वर्गाच्या मांडणीला हात लावलाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पण चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत याचा अर्थ एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी, आणि एक गुरुजी केंद्रावर बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरण्यात अडकले की चारही इयत्ता उरलेल्या बाईंच्या पुढ्यात, असा होतो. पंतोजींच्या ओवरीशी याचे साम्य लपत नाही. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय २०१५ मध्ये निघण्याच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे देखरेखीसाठी एकत्र धरलेल्या शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, ते यामुळेच. तिथे मुले जमिनीवर गटागटाने, खडे, काड्या, शब्दपट्ट्या घेऊन आपापले काम करत होती, एकमेकांना विचारत होती, आणि त्या आवाजाला कोणी गोंगाट म्हणत नव्हते.

शाळेतून मुलाला काढून टाकण्यास कलम १६ ने केलेली मनाई आजही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, त्यातही मनाईचा हा भाग कायम राहिला. कलम १७ मोडणाऱ्यावरची कारवाई सेवानियमांनुसार शिस्तभंगाची आहे. दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा जुन्या कलम ८९ मधील पालकाच्या संमतीची तरतूद कलम २७ म्हणून पुढे आली. शाळेपुरता शिक्षणहक्क कायदा स्पष्ट आहे, तरी पालकसभेत ‘सर, तुम्ही मारा, आमची काही हरकत नाही’ असे म्हणणारा बाप आजही भेटतो आणि ती संमती आपल्याला वापरता येणार नाही, हे त्याला समजावून सांगण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.