चहा, तेल, अंडी, साबण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतकी सहज वापरतो की म्हातारपण आणि आजार यांतली रेघच पुसली जाते. चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियात काढलेली आजी एक दिवस नर्सशी मराठीत बोलायला लागली, तर घरचे म्हणणार, वय झालं आता.

त्या देशात पासष्टीपुढच्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक परदेशात जन्मलेले आहेत. घरकामाला, आंघोळीला सरकारी मदत हवी किंवा वृद्धनिवासात जागा हवी, तर ‘माय एज्ड केअर’कडे नाव नोंदवायचं. मग कोणीतरी घरी येऊन गरज तपासतं. स्मरणशक्तीची शंका आली की चाचणी होते आणि तिथे भाषा आडवी येते.

दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात. ‘वॉटर’ म्हणायचं ठरवलं तरी ‘पाणी’ मागे उभं असतंच. त्याला दाबून ठेवतात कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि मेंदूच्या आत खोलवरचा कॉडेट. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, ही पकड सुटू लागते. त्याचाच सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर; त्याची सुरुवात बहुधा एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस इथून, म्हणजे नवी आठवण जिथे घडते तिथूनच. जुनं मात्र कॉर्टेक्सभर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात सगळीकडे, पसरून मुरलेलं असतं. नवं आधी जातं, जुनं टिकतं, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. पुढे दोन्ही भाषा झिजतात. पण मोठेपणी शिकलेलं इंग्रजी अडखळतं ते लवकर लक्षात येतं.

(२०१३ मध्ये हैदराबादच्या अभ्यासात द्विभाषिकांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. पण म्हणून काही दुसरी भाषा ही लस ठरत नाही. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. ‘मेंदू तल्लख’ करणाऱ्या गोळ्यांबद्दल तर बोलायलाच नको.)

१९७५ पासून जगभर चालणाऱ्या ‘एमएमएसई’ या स्मरणशक्ती-आकलनाच्या चाचणीत ‘वर्ल्ड’चं स्पेलिंग उलटं सांगायला लावतात. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला ते निरोगी असतानाही कुठून जमणार? म्हणून सिडनीत ‘रुडास’ ही वेगळी चाचणी तयार झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. वाण्याच्या यादीतल्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या : चहा, तेल, अंडी, साबण. (शाकाहारी आजी अंड्यांपाशी नाक मुरडेल, ते सोडा.) रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल ते सांगायचं, घन काढायचा, मिनिटभरात जमतील तितक्या प्राण्यांची नावं घ्यायची. एकूण गुण ३०; त्यांतले २२ किंवा कमी पडले तर पुढची तपासणी.

हे सगळं दुभाष्याकरवी विचारता येतं. १३१ ४५० या क्रमांकावर सरकारी दुभाषा सेवा आहे. पण बहुतेकदा शेजारी मुलगीच बसलेली असते. आई म्हणते, “ते हे... हात धुवायचं.” दुभाषा एवढंच इंग्रजीत सांगेल. मुलगी मायेपोटी ‘सोप’ म्हणून मोकळी होते, आईला दोन गुण मिळतात आणि २२ चे २४ होतात.