पेमेंट गेटवे जोडणी: आजच्या पायऱ्या कुठून आल्या

ब्राउझर ते सर्व्हर हा प्रवास सांकेतिक करणारं एसएसएल नेटस्केपने १९९५ साली लोकांच्या हातात दिलं आणि ऑनलाइन दुकानं साध्या फॉर्मवर कार्डाचा नंबर घेऊ लागली. नंबर वाटेत सुरक्षित असे. पण दुकानात पोहोचल्यावर तो कुठल्या डेटाबेसात, कुठल्या लॉग फाइलमध्ये पडून राहतो, याला वाली नव्हता. १९९६ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने ‘सेट’ हा प्रोटोकॉल आणला. त्यात दुकानदाराला नंबर न दाखवताही व्यवहार करता येत असे. मात्र त्यासाठी ग्राहकाने स्वतःच्या संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर आणि डिजिटल प्रमाणपत्र घ्यायचं होतं. एवढा खटाटोप कोण करणार? सेट बारगळलं, पण कल्पना चुकीची नव्हती. पुढे तीच तुकड्यातुकड्याने परत आली.

पहिला तुकडा म्हणजे पेमेंट गेटवेचं, म्हणजे दुकान आणि बँक यांच्यामध्ये पैशांचा व्यवहार पार पाडणाऱ्या सेवेचं, स्वतःचं पान. दुकान ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि परतीचा पत्ता एका फॉर्ममध्ये भरून ग्राहकाला तिकडे पाठवी, आणि नंबर तिथेच टाकला जाई. दुकानाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पण नवीन भोक पडलं. रक्कम पानातल्या छुप्या रकान्यात असल्यामुळे ब्राउझरमध्ये ५,००० चे ५ करणं पोरखेळ होता. म्हणून हॅश आला: मजकुरातून गणिताने काढलेला ठसा, एक अक्षर बदललं तरी बदलणारा. आजही पेयू या गेटवेमध्ये ठरलेल्या क्रमाने रकाने उभ्या रेषेने जोडून, शेवटी सॉल्ट (दुकान आणि गेटवे यांनाच ठाऊक असलेली गुप्त अक्षरमाळा) लावून एसएचए-५१२ पद्धतीचा हॅश काढतात. इथे ‘१००’ आणि ‘१००.००’ या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. हॅशसाठी एक घेतली आणि फॉर्ममध्ये दुसरी गेली, तर विनंती नाकारली जाते. हॅश ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये काढणारे सॉल्टच जगजाहीर करतात, तो भाग वेगळा.

रेझरपे या दुसऱ्या गेटवेमध्ये आधी सर्व्हरवरून ऑर्डर तयार करावी लागते, त्यामुळे रक्कम ब्राउझरच्या हाती राहतच नाही. ती पैशांत, पूर्णांकात द्यायची: ४९९ रुपये म्हणजे ४९९००. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ ला १०० ने गुणलं की १९९८.९९९९९९९९९९९९८ येतात. अपूर्णांक नुसता छाटला तर एक पैसा कमी भरतो.

भारतातल्या जोडणीला खरं वळण दिलं ते रिझर्व्ह बँकेने. कार्ड समोर नसतानाच्या व्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून जास्तीची ओळखपडताळणी सक्तीची झाली, आणि तीही कार्डावर छापलेली नाही अशा माहितीने. सुरुवातीला ठरावीक पासवर्ड होता, नंतर ओटीपी रुळला. आता ग्राहक दुकानातून गेटवेकडे, तिथून बँकेच्या पानावर आणि त्याच वाटेने परत, असा फिरू लागला. ओटीपी टाकून झाल्यावर रेंज गेली किंवा टॅब बंद झाली, की पैसे कापले जातात आणि ऑर्डर मात्र पडत नाही.

यातला धडा साधा आहे: ब्राउझरने आणलेला निरोप हा पुरावा नव्हे. गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला कळवतो ते वेबहुक आणि आपण स्वतः विचारून घेतलेली व्यवहाराची स्थिती, यांवरच ऑर्डर पक्की करावी. वेबहुकची सही, म्हणजे गुप्त किल्ली वापरून काढलेला हॅश, आलेल्या कच्च्या मजकुरावर तपासायची असते. आधी त्यातला जेसन (माहिती मांडण्याची ठरलेली रचना) उलगडून पुन्हा बांधला तर एखादी मोकळी जागा बदलते आणि सही जुळत नाही. तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो, म्हणून डेटाबेसात व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवू न देणारं) हवं; नाहीतर माल दोनदा निघतो.

२०२० मध्ये क्रोम ब्राउझरच्या ८० व्या आवृत्तीसोबत आणखी एक गोम आली. कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; दुसऱ्या साइटवरून येताना ती सोबत पाठवायची की नाही, हे ‘सेमसाइट’ या सूचनेने ठरतं. ही सूचना नसलेली कुकी आता ‘लॅक्स’ धरली जाऊ लागली, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्टने (फॉर्म पाठवून) येताना ती सोबत जात नाही. बँकेकडून पोस्टने परतणाऱ्या ग्राहकासोबत सेशनची (लॉगिन लक्षात ठेवणारी) कुकी येईना आणि तो लॉगिनच्या पानावर आदळू लागला. क्रोमने तात्पुरती सवलत ठेवली: दोन मिनिटांहून ताजी कुकी चालेल. त्यामुळे झटपट चाचणी करणाऱ्याचं सगळं सुरळीत आणि ओटीपीची वाट पाहणाऱ्या ग्राहकाचं बिघडलेलं, असा गोंधळ होई. परतीच्या पानाने सेशनवर विसंबू नये. ऑर्डर क्रमांकावरून नोंद शोधावी.

अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत घातली. खात्यातून रक्कम गेली पण दुकानाला खात्री पोहोचली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत व्हायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून ‘प्रलंबित’ ऑर्डर घाईने ‘अयशस्वी’ ठरवू नये आणि हाताने परतावा देण्याआधी स्थिती पुन्हा विचारावी. एकच रक्कम दोनदा परत गेली की ती वसूल करणं कर्मकठीण.

शेवटचा तुकडा टोकनचा. मुदतवाढ मिळत मिळत १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आणि गेटवेंनाही कार्डाचा पूर्ण नंबर साठवायला बंदी आली. ताळमेळासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. साठवायचं ते टोकन, म्हणजे कार्डाच्या नंबराऐवजी वापरायचा पर्यायी क्रमांक. ते कार्ड, टोकन मागणारी संस्था आणि दुकान या तिघांना मिळून बांधलेलं असतं. टोकन गेटवेच्या नावावर घेतलेलं असेल तर गेटवे बदलताना ग्राहकांना कार्ड बहुधा नव्याने साठवायला सांगावं लागतं. करार करण्याआधी टोकन कुणाच्या नावावर निघणार, हे विचारून घ्यावं.