परमिट रूम

परमिट रूम : महाराष्ट्रात व्हिस्की, रम, बिअर, वाइन यांसारखे ‘विदेशी’ मद्य बसून पिण्याची मुभा असलेले उपाहारगृह किंवा त्यातली वेगळी खोली. पाटीवर ‘बार अँड रेस्टॉरंट’ किंवा ‘परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’ असते, बोलताना नुसते ‘बार’. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या दप्तरी ही एफ.एल.३ अनुज्ञप्ती. देशी दारूचे बार (सी.एल.३) वेगळे, आणि २००५च्या बंदीमुळे देशभर गाजलेले डान्स बार तर फारच वेगळे. या नोंदीत विचार केला आहे तो नाक्यावरच्या, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या आणि पोटभर जेवण मिळणाऱ्या बारचा.

परमिट रूम जन्माला आली ती दारूबंदीच्या पोटी, आणि हे विसरले तर तिच्यातल्या अर्ध्या गोष्टी कळत नाहीत. १९३७ साली सत्तेवर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ऑगस्ट १९३९मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणली. मद्याच्या धंद्यात मोठ्या प्रमाणावर असलेल्या पारशी समाजाने तिला कडाडून विरोध केला. गंमत अशी, की बंदीचा किल्ला लढवणारे मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर स्वतः पारशीच होते. महायुद्ध सुरू होताच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग बारगळला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५०पासून राज्यभर संपूर्ण बंदी लागू झाली. मोरारजी देसाईंचे नाव या बंदीशी कायमचे जोडले गेले. कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा १९५१च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी मात्र रद्द केली.

मधल्या काळात पिणारे प्यायचे थांबले नाहीत. डॉक्टरचा दाखला जोडून ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ परवाना काढता येत असे. ज्यांना तो मिळत नसे किंवा परवडत नसे, ते ‘आंटी’कडे जात. धोबीतलाव, माहीम, वांद्रे अशा भागांत गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायका घराच्या पुढच्या खोलीत हातभट्टीची दारू पाजत; सोबत उकडलेली अंडी, चणे, कधी तळलेला मासा. बेकायदा असला तरी तो अड्डा वस्तीचाच असे, आणि आजच्या बारमधली ओळखीची ऊब त्या खोल्यांतूनच आली असावी, असे म्हणायला जागा आहे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना (१९६३–७५) बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि परवानाधारकांना बसून पिता येईल अशा खोल्या उघडल्या. कायदा मात्र गेला नाही. तो आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने जारी आहे, आणि त्याच्याच आधाराने राज्यात दारू विकली जाते.

म्हणूनच कागदोपत्री आजही प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, वर्षाचा शंभर आणि आजीवन हजार रुपयांना मिळतो. प्रत्यक्षात टेबलावर बसलेल्या माणसाला तो क्वचितच कोणी विचारतो. एक दिवसाचे परवाने बारमालकच गठ्ठ्याने आणून ठेवतो, आणि तपासणी आली की त्यांची आठवण होते. बिअरसाठी वयाची अट २१, कडक मद्यासाठी २५. महाविद्यालयीन मुले या चार वर्षांच्या फरकाकडे ज्या उदारतेने पाहतात, तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

बंदीचा ठसा खोलीच्या रचनेतही दिसतो. रस्त्यावरून आत काय चालले आहे ते दिसू नये अशी काळी काच किंवा पडदा, भर दुपारीही मंद दिवे, पाठीला उंच टेकणाची रेक्झिनची बाकडी. गल्ल्याच्या वर देवाची तसबीर, तिच्यापुढे विजेचा दिवा आणि उघडताना लावलेली उदबत्ती. बरेचदा तळमजला साधा आणि वरचा माळा ‘एसी’. माळ्यावर तीच बाटली थोडी महाग. कोपऱ्यात टीव्ही, त्यावर क्रिकेट. इंग्लंडच्या पबमध्ये लोक काउंटरशी उभे राहून, अनोळखी माणसाशी बोलत पितात. परमिट रूममध्ये सगळे बसून पितात आणि शेजारच्या टेबलाकडे न पाहणे हाच शिष्टाचार. एकट्याने येऊन तासभर पेपर वाचणाऱ्याला इथे कोणी विचित्र समजत नाही, हा तिचा मोठा गुण.

मुंबई-ठाण्यातले असे बहुसंख्य बार कर्नाटक किनाऱ्यावरून, म्हणजे उडुपी-मंगळूर भागातून आलेल्या शेट्टी मंडळींनी चालवले. इडली-डोशाची उडुपी हॉटेले हाताशी होती. बंदी सैल झाल्यावर त्याच समाजातले पुष्कळजण बारकडे वळले. वेटरला ‘अण्णा’ म्हणण्याची सवय तिथली. नेहमीचे गिऱ्हाईक आत शिरताच हा अण्णा न विचारता त्याचा ब्रँड, सोडा आणि बर्फ आणून ठेवतो. बिअरच्या रिकाम्या बाटल्या टेबलाच्या पायाशी उभ्या राहतात, म्हणजे हिशेबावरून वाद नको.

मोजमापाची भाषा ठरलेली आहे. ३० मि.लि.चा स्मॉल, ६०चा लार्ज, ९०ची ‘नाइन्टी’, १८०ची ‘क्वार्टर’, आणि ७५०ची पूर्ण बाटली म्हणजे ‘खंबा’. पेग मोजून न देता सीलबंद क्वार्टर टेबलावर ठेवणाऱ्या स्वस्त जागांना ‘क्वार्टर बार’ म्हणतात. भेसळीची भीती नाही आणि खर्च आधीच कळतो, म्हणून कामावरून परतणाऱ्यांची पसंती त्यांना.

खरी चढाओढ चालते ती खाण्यावर. बसल्याबसल्या फुकट मिळतो तो चकणा : खारे शेंगदाणे, फुटाणे, फरसाण, काकडी-गाजराच्या फोडी, बरा बार असेल तर उकडलेल्या चण्यांवर कांदा, मिरची आणि लिंबू. चकण्याची वाटी दुसऱ्यांदा न मागता भरली जाते की नाही, यावर बारची पत ठरते. मग मागवायच्या गोष्टी सुरू होतात. मसाला पापड, चणा कोळीवाडा, अंडा भुर्जी, चिकन लॉलीपॉप, पनीर चिली. ‘कोळीवाडा’ या नावाने कोळणीच्या घरचा पदार्थ डोळ्यांसमोर येतो. पण कोळंबीला बेसन, ओवा, तिखट लावून तळण्याचा हा प्रकार फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांचा. शेट्टी मालकाच्या स्वयंपाकघरातून चिकन सुक्का, घी रोस्ट आणि नीर डोसा येतो, मालवणी आचारी असेल तर रवा लावलेला बोंबील, सुरमई आणि सोलकढी. जिथे आदल्या दिवशी फ्रीजमध्ये टाकलेला बांगडा तव्यावर येतो तिथे दारू कितीही चांगली असो, जाणकार पुन्हा पाऊल टाकत नाहीत. शेवटची ऑर्डर बहुतेक टेबलांवर एकच असते : दाल खिचडी, तडका मारके.

बायका-मुलांसाठी बाजूला ‘फॅमिली रूम’ असते. तिच्या दारावरची पाटीच सांगते, की उरलेली जागा पुरुषांची. शहरांतल्या तरुण मुली आता हे मोडू लागल्या आहेत. तालुक्याच्या गावी अजून नाही. तिथे परमिट रूमचे रूपही वेगळे. पुणे, नगर, नाशिककडे महामार्गालगत हिरवळीवर झोपड्या आणि दिव्यांच्या माळा लावलेले ‘गार्डन’ असते. त्याच आवारात मटण थाळी खाणारी कुटुंबे एका बाजूला, पिणारे दुसऱ्या. १ एप्रिल २०१७पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत (छोट्या गावांत २२०) मद्यविक्री बंद झाली तेव्हा यांतली पुष्कळ ठिकाणे एका रात्रीत नुसती ढाबे झाली. पालिकांच्या हद्दीतल्या बारना पुढे सवलत मिळाली. गोव्यातली तावेर्न या साऱ्याची सख्खी नव्हे, चुलत बहीण. तिथे ही दारूबंदी कधी आलीच नाही, म्हणून फेणीचा पेला उघड्या दारात, दिवसाउजेडी भरला जातो.

राज्यातले वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१मध्ये उठली. याशिवाय गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांना मतदानाने दुकान-बार बंद करता येतो. मतपत्रिकेवर ‘उभी बाटली’ म्हणजे चालू ठेवा, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद करा. बाटली आडवी करण्याची मोहीम ज्यांनी घरात दारूचा मार सोसला त्यांनी चालवली आहे, आणि परमिट रूमच्या उबदारपणाचे कौतुक करताना ती ऊब कोणाच्या पगारातून येते हे या बायकांना विचारायला हवे.

ड्राय डे हा आणखी एक वारसा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, शिवाय मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास. आदल्या रात्री वाइन शॉपसमोर लागणारी रांग हा त्या दिवसाचा अनधिकृत भाग. २०२२ साली मराठी पाट्यांच्या निर्णयासोबत सरकारने मद्य विकणाऱ्या वा पाजणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली.

अलीकडे धंद्यावर कराचा भार वाढला आहे. बारमधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, २०२५मध्ये उत्पादन शुल्क वाढले, आणि त्याच वर्षी जुलैत बारमालकांनी निषेध म्हणून एक दिवस बंद पाळला. क्वार्टर विकत घेऊन घरी बसणारे वाढले, अशी मालकांची तक्रार. दुसरीकडे, मुंबईच्या इराणी कॅफेंवर बेतलेल्या लंडनच्या ‘डिशूम’ने आपल्या बारला ‘परमिट रूम’ हेच नाव दिले, आणि २०२३पासून ब्रायटनमध्ये त्या नावाची स्वतंत्र शाखाही काढली. तिथे पाच रुपयांचा कागद लागत नाही.