इंजिन बदललं म्हणून मसल कार बाटत नाही

मसल कार म्हणजे साध्या अमेरिकन गाडीत मोठं, ताकदवान इंजिन. अशी फोर्डची १९६५ची मस्टँग किंवा शेवरलेची १९६९ची कॅमेरो, बोनेट उघडलेलं, आत मूळ व्ही-एटच्या (आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या) जागी ट्रकमधून काढलेलं नव्या काळातलं इंजिन आणि पुढे नारळाएवढा टर्बो, असं काही दिसलं की बघणाऱ्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो चांगली गाडी बाटवली, दुसरा म्हणतो हजार हॉर्सपॉवर आहे, अजून काय पाहिजे. मी दुसऱ्या बाजूचा, पण हॉर्सपॉवरमुळे नाही, इतिहासामुळे. कारण इंजिन स्वॅप, म्हणजे एका गाडीत दुसरं इंजिन बसवणं, आणि टर्बो या दोन्ही गोष्टी मसल कारपेक्षा जुन्या आहेत, आणि हे फार कमी लोक सांगतात.

सुरुवात कॅलिफोर्नियात होते. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-एट दिलं, २२१ क्युबिक इंच (हे इंजिनाच्या आकाराचं माप), ६५ हॉर्सपॉवर, ज्याला सगळे फ्लॅटहेड म्हणतात. मग पोरांनी काय केलं तर जुनी हलकी फोर्ड घ्यायची, मडगार्ड वगैरे वजन उतरवायचं, नंतरच्या मॉडेलचं मोठं इंजिन आत बसवायचं आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर नेऊन पळवायची. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या तरुणांनी हे वेड अजून वाढवलं. १९४९ला ऑल्ड्समोबील आणि कॅडिलॅकची ओव्हरहेड व्हॉल्व्हवाली व्ही-एट आली, १९५५ला शेवरलेचं स्मॉल ब्लॉक आलं, आणि प्रत्येक वेळी तेच, नवं इंजिन आलं की ते जुन्या गाडीत. हॉट रॉड म्हणजे मुळातच स्वॅप.

आता मसल कारकडे या. जिला बहुतेक लोक पहिली खरी मसल कार मानतात ती १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओ कशी जन्मली? जनरल मोटर्सने १९६३च्या सुरुवातीला रेसिंगला बंदी घातली होती, आणि मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही असा घरचा नियम होता. पॉन्टिअॅक हा जनरल मोटर्सचाच ब्रँड, तिथे जॉन डीलोरियन आणि त्यांच्या इंजिनिअर मंडळींच्या लक्षात आलं की टेम्पेस्ट या मध्यम गाडीतलं ३२६चं इंजिन आणि मोठ्या गाड्यांमधलं ३८९चं इंजिन बाहेरून एकाच मापाचं आहे, माउंटिंगसुद्धा तीच, म्हणजे एक काढा दुसरं टाका. नियम नव्या मॉडेलला लागू होता, म्हणून त्यांनी जीटीओ हे मॉडेल न म्हणता ऑप्शन पॅकेज म्हणून आणलं. साधी ३२५ हॉर्सपॉवर, तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे ज्या गाडीला आपण 'ओरिजिनल' म्हणून हात लावायला घाबरतो ती स्वतःच कारखान्यात झालेला इंजिन स्वॅप आहे, तोही मालकांचा नियम चुकवून केलेला.

टर्बोची गोष्ट अजून जुनी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ला याचं पेटंट घेतलं. कल्पना सरळ आहे, सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं. १९१८ला जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांवर नेऊन टर्बो लावून चालवलं, कारण उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो, टर्बोने तो परत येतो हे त्यांना दाखवायचं होतं. त्याच डोंगरावर जवळपास शंभर वर्षांनी, २०१७ साली, रॅली ड्रायव्हर केन ब्लॉकने दोन टर्बो लावलेली १९६५ची मस्टँग चढवली, मेथॅनॉलवर चालणारी, १,४०० हॉर्सपॉवरची. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मला अंगावर काटा येतो.

पण खरा मुद्दा १९६२चा. त्या वर्षी जीटीओचा पत्ताही नव्हता आणि जनरल मोटर्सच्या शोरूममध्ये दोन टर्बो गाड्या उभ्या होत्या, शेवरलेची कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर आणि ऑल्ड्समोबील जेटफायर. जेटफायरमध्ये २१५ क्युबिक इंचाचं अॅल्युमिनियमचं व्ही-एट, त्यावर गॅरेटचा छोटा टर्बो (याच गॅरेटचा आज आपल्या पुण्यात कारखाना आहे), आणि पॉवरही बरोबर २१५, म्हणजे क्युबिक इंचाला एक हॉर्सपॉवर, त्या काळात ही मोठी गोष्ट. अडचण अशी की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५ ठेवलं होतं, त्यावर टर्बोचा दाब म्हणजे इंजिन नॉकिंग करणारच (इंधन अवेळी पेटून ठोके बसणारच), म्हणून एका टाकीतून पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण आत फवारायचं, त्याला नाव दिलं टर्बो रॉकेट फ्लुइड. लोक ती टाकी भरायचेच नाहीत. टाकी रिकामी झाली की सिस्टिम बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी करायची, गाडी मंद वाटायची, मालक वैतागून परत यायचा. शेवटी कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. दोन वर्षांत जेमतेम साडेनऊ हजार गाड्या बनल्या आणि विषय बंद. माझ्या मते कल्पनेत खोट नव्हती, इग्निशनचं टायमिंग क्षणाक्षणाला सांभाळणारा कॉम्प्युटर तेव्हा नव्हता एवढंच. आणि पेट्रोल स्वस्त होतं, मग टर्बोची कटकट कोण घेणार, इंजिनच मोठं करा, ३८९, ४२६, ४२७, ४५५.

ते फार टिकलं नाही. १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते, १९७१ला जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं, १९७३च्या ऑक्टोबरात तेलसंकट. मोठी इंजिनं गेली आणि टर्बो मागच्या दाराने परत आला. जनरल मोटर्सच्याच ब्युइकने १९६७ला आपल्या व्ही-सिक्सची (सहा सिलिंडरच्या इंजिनाची) सगळी यंत्रसामग्री कायझर-जीपला विकून टाकली होती, तेल महागल्यावर १९७४ला तीच परत विकत घेतली, १९७८ला तिच्यावर टर्बो लावला आणि सुधारत सुधारत १९८७च्या जीएनएक्सपर्यंत नेलं. फक्त ५४७ गाड्या, कागदावर २७६ हॉर्सपॉवर, सहा सिलिंडर, तरी त्या काळच्या भल्याभल्या व्ही-एट मागे टाकल्या. फ्युएल इंजेक्शन, कॉम्प्युटर आणि दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर आल्यावर जेटफायरचं अर्धवट राहिलेलं काम असं पूर्ण झालं.

मग १९९७. शेवरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये एलएस-वन इंजिन आलं, ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, अॅल्युमिनियम ब्लॉक. स्वॅपवाल्यांना मात्र त्याच्या गरीब भावाने जिंकलं, १९९९पासून शेवरलेच्याच सिल्व्हराडो ट्रकमध्ये येणारं ५.३ लिटरचं बिडाचा ब्लॉक असलेलं इंजिन. हे ट्रक लाखोंनी विकले गेले, ठोकले गेले, भंगारात आले, आणि इंजिन कुठल्याही यार्डात मिळायला लागलं. क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट, ब्लॉक खालपर्यंत उतरलेला म्हणून ताकदवान, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल. आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीने ब्लॉकमध्ये असल्याने इंजिन रुंदीला आटोपशीर, जुन्या गाडीच्या अरुंद इंजिन बेमध्ये बसतं. फोर्डचं नवं कोयोटी इंजिन उत्तम आहे पण ओव्हरहेड कॅममुळे, म्हणजे कॅमशाफ्ट वर डोक्यावर असल्याने, इतकं रुंद की १९६५च्या मस्टँगमध्ये बसवायचं तर शॉक टॉवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे सस्पेन्शनचे खांब) कापावे लागतात, म्हणून काही फोर्डवालेसुद्धा नाक मुरडत का होईना शेवरलेचं इंजिन टाकतात.

काम ऐकायला सोपं वाटतं, असतं किचकट. ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या तुळईला) आपटतो म्हणून बदलायचा, इंजिनाचं सगळं वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नवीन, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली टाकी म्हणून आत जास्त दाबाचा पंप, ट्रकचेच ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू बाहेर नेणारे पाइप) उलटे फिरवून तोंड पुढे करायचं की टर्बो रेडिएटरपाशी येतो. टर्बोमधून तेल फक्त उताराने परत येतं, ती नळी चढली की सील गळून निळा धूर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा. बूस्टमुळे उष्णता वाढते, रिंग प्रसरण पावते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनचा काठ तुटतो, म्हणून रिंगांची टोकं थोडी घासून फट वाढवतात. ब्रेक आणि मागचा अॅक्सल न बदलता नुसती पॉवर वाढवणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, हे करू नकोस, १९६०च्या दशकातल्या ड्रम ब्रेकवर ही गाडी थांबणार नाही.

आपल्याकडेही जीप आणि अॅम्बेसेडरला डिझेल इंजिन बसवून घेण्याची जुनी पद्धत होती, आणि जिला प्रेमाने देशी मसल कार म्हणतात त्या कॉन्टेसाला कंपनीनेच आधी अॅम्बेसेडरचं जुनं इंजिन आणि नंतर इसुझूचं १.८ दिलं. आता मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही, त्यामुळे अमेरिकेसारखं घरामागच्या गॅरेजमध्ये सुरू होणारं प्रकरण इथे नाही.

आणि बाटण्याचंच म्हणाल तर पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे शेवरले डीलर डॉन येन्को १९६७ला नव्या कॅमेरोंमधलं इंजिन काढून कॉर्व्हेटचं ४२७ टाकून विकायचे. त्या गाड्यांना आज संग्राहक देवासारखं जपतात. मीही ज्या गाडीचं इंजिन आणि चासीचे नंबर मूळचे जुळतात ती कापायच्या विरोधातच आहे, स्वॅपसाठी सहा सिलिंडरची साधी बॉडी किंवा इंजिन आधीच गेलेला सांगाडा घ्यावा. तरी कुणी नंबर जुळणारी गाडी घेतलीच तर चांगला मेकॅनिक एकही भोक न पाडता, फक्त बोल्टवर सगळं बसवतो, आणि मूळ इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, स्टँडवर गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून देतो.