घरात अ‍ॅलर्जी आहे? तपासणीआधी आठवडाभर गोळी नको

"यांना सकाळी उठल्याबरोबर शिंका, आता मुलालाही तेच. यांचा रिपोर्ट आहे, तोच चालेल ना?" आमच्या इंदूरच्या अ‍ॅलर्जी तपासणी केंद्रात हा प्रश्न रोज येतो. नाही चालणार. वारशाने येते ती प्रवृत्ती, म्हणजे साध्या गोष्टींविरुद्धही आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारं रक्तातलं प्रतिपिंड) बनवायची शरीराची सवय. कशाची अ‍ॅलर्जी होणार, ते ठरलेलं नसतं. वडिलांना गाजरगवताची असेल, तर मुलाला गादीतल्या डस्ट माइटची, म्हणजे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, असू शकते.

"मग जीनचीच तपासणी करा." ती आम्ही करत नाही. अ‍ॅलर्जीशी जोडलेल्या शंभराहून जास्त जागा जनुकांत सापडल्यात, बहुतेकींचा वाटा अगदी थोडा. त्यातलं ठळक नाव फिलाग्रिन. एक्झिमाशी, म्हणजे खाजऱ्या, कोरड्या त्वचेच्या आजाराशी, त्याचा संबंध 2006 मध्ये कळला. कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणारं हे प्रथिन कमी पडलं, की कातडी कोरडी होते, धुळीचे आणि अन्नाचे कण आत शिरतात आणि अ‍ॅलर्जीची सुरुवात तिथून होऊ शकते. मुलाचा तळहात उजेडात धरा. रेषांचं दाट जाळं असेल, नडग्या खवल्यासारख्या खरखरीत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. पण फिलाग्रिनच्या जनुकात दोष असूनही अनेकांना एक्झिमा होत नाही. म्हणून जीनच्या रिपोर्टवर तुमचे पैसे घालवणं आम्हाला पटत नाही.

आता खरी अडचण. घरात अ‍ॅलर्जी असली की गोळीही घरातच असते. मूल रात्री शिंकलं, वडिलांची अ‍ॅलर्जीची सेटिरिझिन गोळी अर्धी दिली, सकाळी तपासणीला आणलं. तपासणीत हातावर अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थाचा थेंब ठेवून टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटांत गांध यायला हवी. 3 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती धरतो. शेजारी हिस्टामिनचाही (अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं ते रसायन) एक थेंब असतो, तिथे गांध यायलाच हवी. गोळी हिस्टामिनलाच अडवते, त्यामुळे तीही उठत नाही आणि सगळी तपासणी बाद होते. आम्ही परत पाठवतो ते याचसाठी. खोटा 'निगेटिव्ह' हातात देणं सोपं असतं, पण तो तुम्हाला वर्षभर भोवतो.

सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन आणि सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं डॉक्टरांना विचारून सात दिवस आधी थांबवा. दम्याचा पंप मात्र अजिबात थांबवू नका. हाताच्या आतल्या बाजूला स्टेरॉइडचं मलम नको. उपाशी येऊ नका, मुलाला पोटभर खायला घालून आणा. गोळी थांबवणं शक्यच नसेल, तर वेळ घेतानाच सांगा. रक्तातली आयजीई तपासणी गोळी चालू असतानाही होते, आणि तीही आमच्याकडे आहे.