तिळारीचे पाणी: ‘सोडले’ की ‘सांडले’?

महाराष्ट्रातल्या दोडामार्गातून गोव्याच्या पेडण्यात उतरणारी तिळारी नदी पुढे शापोरा होते. तिच्यावरच्या धरणाचा करार दोन्ही राज्यांनी १९९० मध्ये केला, तो सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी. खर्चाची वाटणी गोवा ७३.३० टक्के, महाराष्ट्र २६.७० टक्के. धरण मात्र महाराष्ट्राच्या हद्दीत. गोव्यातल्या चांदेल आणि अस्नोड्याच्या नळांना पाणी तिथूनच येते, त्यामुळे वर्षातले आठ महिने हा प्रकल्प आपला वाटतो. प्रश्न उरलेल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांचा आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात पुराचे पाणी घुसले आणि तेव्हापासून एका क्रियापदावर वाद अडून बसला आहे. पेडण्याचे लोक म्हणतात, पाणी ‘सोडले’. धरणाच्या बाजूने उत्तर येते, जलाशय भरला, जादा पाणी सांडव्यावरून गेले. ‘सोडले’ म्हटले की सोडणारा आला, त्याने आधी कळवायला हवे होते हे आले, भरपाईही आली. ‘सांडले’ म्हटले की जबाबदारी पावसावर. सरकारी पत्रकातला ‘विसर्ग’ हा शब्द दोन्ही अर्थ पोटात घेतो, म्हणूनच तो वापरायला सोयीचा आहे. माझ्या मते नदीकाठच्या माणसाला या शब्दाचा काडीचा उपयोग नाही. त्याला हवी ती वेळ: पाणी माझ्या पुलाखाली केव्हा पोचेल, आणि तेव्हा भरती असेल की ओहोटी? शापोऱ्याच्या खालच्या टप्प्यात भरतीचे पाणी वर चढते. त्याच तासाला वरून लोंढा आला तर तो तुंबतो.

त्यात मापांचा घोळ. सिंधुदुर्ग जिल्ह्याची पत्रके विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात देतात, लोकांच्या कानावर मात्र क्युसेक, म्हणजे घनफूट प्रति सेकंद, बसलेले. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. १०० हा आकडा क्युसेक समजून ऐकला तर माणूस गुरे सोडायलाही उठणार नाही. प्रत्यक्षात ते साडेतीन हजार क्युसेक असतात.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा प्राधिकरणे दिली. दोन राज्यांत विभागलेल्या खोऱ्यासाठी वेगळे प्राधिकरण त्यात नाही. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोलीचे हाल झाले. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सांगितले गेले. तिथल्या वाळवंटी आणि म्हादई या नद्याही येतात त्या राज्याच्या हद्दीपलीकडच्या घाटांतून.

पाण्याच्याच दिशेने माणसेही येतात. सावंतवाडी-दोडामार्गातला अपघातग्रस्त पहिल्यापासून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात हलवला जातो. २०१८ च्या सुरुवातीला तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटले. मग विमा योजनेतून तोडगा काढायला दोन्ही सरकारे बसली. पुराच्या इशाऱ्यासाठी, भरतीचे वेळापत्रक समोर ठेवून, ती अजून तशी बसायची आहेत.